लुआंग्वाचं जंगल नेमकं कधी बघावं? (झांबिया, म्फुवे)

मोगरा_नागपूर | ८ जून

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि कारण मनाजवळचं आहे.

माझे बाबा वनखात्यात होते. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल म्हणून निवृत्त झाले. उभी हयात विदर्भातल्या जंगलात गेली. वाघ, बिबट, अस्वल, रानगवे, सगळं पाहून झालंय. हत्ती मात्र फक्त कमलापूरच्या कॅम्पातले. मोकळ्या रानात, आपल्या मर्जीने फिरणारा हत्ती एकदा पाहायचाय, असं ते गेली दहा वर्षं म्हणताहेत. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत, एक गुडघा कुरकुरतो. आता नाही तर कधी, म्हणून ठरवलंच.

झांबियात दक्षिण लुआंग्वा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या एका लॉजच्या स्वागतकक्षातून हत्ती चालत जातात, असं ऐकलं. ते खरं आहे का? आणि जायचं कधी? मुलाच्या (वय १०) शाळेमुळे दिवाळीची सुट्टी किंवा नाताळ, असे दोनच पर्याय दिसतात. ज्या दोन-तीन ठिकाणी चौकशी केली तिथे सगळ्यांनी "कधीही जा, आफ्रिकेत प्राणी बारमाही दिसतात" असं सांगितलं. बाबांना ते पटत नाही. ते म्हणाले, "जंगल बारमाही सारखं नसतंच. पाणी कुठंय ते विचार आधी."

म्हणून इथे विचारतेय.

ताडोबाप्रेमी | ८ जून

बाबांना माझा नमस्कार सांगा. पाण्याचा प्रश्न अगदी बरोबर.

माझं मत मसाई माराला. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, त्याला तोड नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. पण खरं सांगायचं तर नदीच्या काठाला गाड्यांची रांग लागलेली असते. बाबांना निवांतपणा हवा असेल तर विचार करा. लुआंग्वाबद्दल लुसाकावासी सांगू शकतील, ते झांबियातच राहतात.

लुसाकावासी | ९ जून

मोगराताई, धागा वाचला आणि ऑफिसातून घरी येईपर्यंत डोक्यात हेच घोळत होतं. लुसाकात राहायला लागून अकरा वर्षं झाली. म्फुवेला, म्हणजे उद्यानाच्या वेशीवरच्या गावाला, आम्ही सातदा गेलो आहोत, वेगवेगळ्या महिन्यांत. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बाबांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. लुआंग्वाचं सगळं वेळापत्रक नदी ठरवते. या नदीवर धरण नाही. पावसात दुथडी भरून वाहते, काठ खाते, दरवर्षी थोडी थोडी वाट बदलते. जुनं पात्र सुटून मागे राहतं, त्याची चंद्रकोरीसारखी तळी होतात. तिथे सगळे त्यांना लगून म्हणतात. या तळ्यांमुळेच ९,०५० चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात एवढे प्राणी टिकून आहेत.

आता ऋतू. आपल्या बरोबर उलटे आहेत, हे आधी मनात पक्कं करा. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिकडे कोरडी थंडी. पाऊस साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. मे ते ऑक्टोबर थेंब नाही.

जून-जुलैत पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते, गाडीत गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी देतात. गवत अजून उंच असतं, आडोशाच्या डबक्यांत पाणी शिल्लक असतं, त्यामुळे प्राणी पांगलेले. ऑगस्टपासून आतली पाणवठ्याची ठिकाणं आटतात आणि सगळं जंगल नदीकडे सरकायला लागतं. सप्टेंबरात गवत बसतं. ऑक्टोबर म्हणजे तुमच्या ताडोबाचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर, झाडं निष्पर्ण, धुळीचे लोट, आणि नदीत जिथे गुडघाभर पाणी उरलंय तिथे पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या ठेवून दाटीवाटीने बसलेले. सिंहांना शिकारीसाठी लांब जावंच लागत नाही. फक्त 'जास्तीत जास्त प्राणी' हा हिशेब असेल तर ऑक्टोबर.

पण ऑक्टोबर बघवत नाही असेही दिवस असतात, हे लिहायलाच हवं. खंगलेल्या म्हशी, पाण्याच्या शेवटच्या चिखलात रुतलेली जनावरं. १९८७ साली याच खोऱ्यात अँथ्रॅक्सची साथ येऊन हजारो पाणघोडे मेले होते. बाबा जंगलातले आहेत, त्यांना हे नवं नाही. मुलाला मात्र आधी समजावून न्या.

बिबट्या इथे जितका दिसतो तितका मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. या उद्यानात रात्रीची फेरी चालते. संध्याकाळी चारला निघायचं, नदीकाठी सूर्यास्त बघायचा, मग प्रकाशझोत घेऊन आठपर्यंत फिरायचं. आपल्याकडच्या लोकांना याचं अप्रूप वाटतं.

हत्ती आणि लॉजबद्दल उद्या लिहितो. ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

सह्यपक्षी | ९ जून

लुसाकावासी, सुरेख. पक्ष्यांसाठी दोन ओळी जोडतो.

नदीचं पाणी उतरलं की काठाच्या उभ्या मातीच्या भिंती उघड्या पडतात. त्या भिंतींत कार्माइन बी-ईटर, म्हणजे आपल्या वेड्या राघूचा लालभडक भाऊ, शेकड्यांनी बिळं करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात अख्खी भिंत हलतेय असं वाटतं. एक ससाणा वरून गेला की सगळे एकदम उडतात आणि हवेत गुलाल उधळल्यासारखं होतं. पाणी उतरल्याशिवाय भिंत नाही, आणि भिंत नसेल तर पक्षी कुठे घर करणार! बाबांच्या मुद्द्याला हे अगदी जुळतं.

पावसाळ्याची गंमत वेगळी. अमूर ससाणे, जे नोव्हेंबरात नागालँडहून निघून आपल्या पश्चिम घाटावरून अरबी समुद्र पार करतात, ते पुढे आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोचतात. आणि चातक! आपण मृगाच्या तोंडावर ज्याची वाट बघतो तो चातक तिकडच्या पावसात लुआंग्वात असतो. मी तो फेब्रुवारीत पाहिला. बाभळीच्या काटक्यांत बसला होता, डोक्यावरचा तुरा भिजलेला. मला त्या क्षणी भंडारदरा आठवला.

लुसाकावासी | १० जून

हत्तींचं सांगतो.

ऐकलंत ते अगदी खरं आहे. म्फुवे लॉज उद्यानाच्या मुख्य फाटकापासून जवळ, तळ्यांच्या काठी आहे. आतल्या चौकात एक जुनं झाड आहे, त्याला तिकडे वाइल्ड मँगो म्हणतात. आपल्या आंब्याशी त्याचा काही संबंध नाही. शास्त्रीय नाव कॉर्डिला आफ्रिकाना, कूळ शेंगांचं, म्हणजे आपल्या चिंचेच्या गोतावळ्यातलं. फळ पिवळं, गरदार, वास मात्र खरोखर पिकल्या आंब्याच्या जवळ जाणारा. फळं ऑक्टोबरच्या शेवटी पिकायला लागतात आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत गळत राहतात.

लॉज बांधलं ते नेमकं हत्तींच्या झाडाकडे जायच्या वाटेत. हत्तींनी वाट बदलली नाही. त्यांनी दगडी पायऱ्या चढल्या, स्वागतकक्षातून पलीकडे गेले आणि चौकात फळं खाल्ली. ते वर्षानुवर्षं चालू राहिलं. या कुटुंबाच्या म्होरक्या हत्तिणीला लॉजवाल्यांनी वॉन्की टस्क नाव दिलं होतं, वाकड्या सुळ्यावरून.

आम्ही ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं. दुपारचे तीन वाजले असतील. काउंटरमागच्या मुलीने नुसता हात वर केला. सगळे जिथे होते तिथे थांबले. आधी काहीच ऐकू आलं नाही. एवढं मोठं जनावर, पण पावलांचा आवाजच नाही! मग पायरीवर सोंडेचं टोक आलं. तिने पहिल्या पायरीची कड सोंडेने चाचपली, दुसरीची चाचपली, मग पुढचा पाय ठेवला. तळवा दाबला जाऊन पसरला, भार पडला, मग मागचा पाय. मागे एक पिल्लू होतं, त्याला पायरीची उंची जमेना. त्याने पुढचे गुडघे टेकले आणि सरपटत वर आलं. आई थांबून होती, वळली नाही, फक्त शेपूट हलत होतं. ती काउंटरच्या एवढ्या जवळून गेली की टेबलावरचे कागद तिच्या श्वासाने हलले.

आम्ही पंचवीस-तीस फुटांवर, खांबाआड. तिथे माणसांना ठरावीक अंतर राखायला लावतात आणि ते कसोशीने पाळतात. हत्ती पाळलेले नाहीत, त्यांना कोणी काही खायला घालत नाही. म्हणून रोज येतीलच असंही नाही. कधी दिवसातून दोनदा येतात, कधी दोन दिवस फिरकत नाहीत.

आणखी एक बघा, सांगायचं राहिलं. त्या कळपात दोन माद्यांना सुळेच नव्हते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या खोऱ्यात हस्तिदंतासाठी भयानक शिकार झाली. सुळेवाले मारले गेले, बिनसुळ्यांचे वाचले, त्यांचीच वीण पुढे वाढली. १९६९ मध्ये इथल्या माद्यांत साधारण १० टक्के बिनसुळ्यांच्या होत्या, १९८९ पर्यंत ते प्रमाण ३८ टक्क्यांवर गेलं. गेंडे तर पार संपले, या उद्यानात आज एकही नाही. त्या मादीकडे बघताना हे सगळं डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

तिलारीकाठ | ११ जून

वाचून अंगावर काटा आला. पण दोडामार्गातला माणूस म्हणून एक लिहितो, राग मानू नका.

आमच्याकडे हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून उतरले. केळी, माड, सुपारी, एका रात्रीत बाग आडवी. माझ्या काकांची बाग गेली आणि त्यांनी ती परत लावली नाही. हत्ती लॉजच्या दारात आला की लोक हरखून जातात, आमच्या दारात आला की घरातली पोरं रडतात. तिथल्या गावांचं काय होतं, ते कोणी सांगेल का?

लुसाकावासी | ११ जून

तिलारीकाठ, राग कसला. हा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर माझं लिहिणं अर्धवट राहिलं असतं.

नदीच्या अलीकडे म्फुवेची गावं आहेत, कुंदा लोकांची. नदी म्हणजे कुंपण नाही, कोरड्या दिवसांत हत्ती रात्री ती सहज ओलांडतात. गावात खरे आंबे आहेत, आपल्यासारखेच, आणि तेही याच काळात, डिसेंबरच्या आगेमागे पिकतात. मक्याची कणगी फोडतात, भिंती पाडतात, माणसं मरतात. तिथे काम करणारी कॉन्झर्वेशन साऊथ लुआंग्वा ही संस्था शेतकऱ्यांबरोबर मिरचीचा वापर करते. मिरचीचे कुंपण, मिरचीचा धूर, आणि मिरचीचा अर्क भरलेले चेंडू मारायची बंदूक. हत्तीला इजा होत नाही, पण तो ते शेत लक्षात ठेवतो. पुरतं का? नाही पुरत. मी ज्यांच्याकडे एकदा जेवलो, त्या घराची मागची भिंत नवी विटांची होती. आजीने नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाली, "न्जोवू." म्हणजे हत्ती. मग मक्याच्या उकडीचा, न्शिमाचा, आणखी एक गोळा माझ्या ताटात वाढला.

गावातल्या कित्येक घरांत पर्यटनामुळे पगार येतो, तरी ज्याची कणगी गेली त्याला त्याचा काय उपयोग, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

तिलारीकाठ | ११ जून

मनापासून लिहिलंत. मिरचीच्या धुराचं आमच्या ग्रुपवर टाकतो.

चिखलवाट | १३ जून

मोगरा, माझा अनुभव वाच आणि मगच पैसे भर.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. एका एजंटने (नाव लिहीत नाही) चार रात्री आतल्या बुश कॅम्पमध्ये आणि दोन पायी सफारी असं कागदावर दिलं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की पावसात ते कॅम्प बंदच असतात. रस्तेच उरत नाहीत! तिथली माती आपल्या वऱ्हाडासारखी, काळी कपाशीची. पाऊस पडला की गाडी पोटापर्यंत खाली जाते. मग आम्हाला मुख्य फाटकाजवळच्या बारमाही लॉजमध्ये हलवलं. आईला वाईट वाटलं, ती पहिल्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

आणि तरी सांगते, फेब्रुवारीचं लुआंग्वा मी विसरणार नाही. नदी लाल-तपकिरी, काठोकाठ. होडीतून पुराच्या पाण्यावरून झाडांच्या मधून फिरलो. ती झाडं एबनीची, म्हणजे आपल्या तेंदूच्याच जातकुळीची. पानं वरच्या फांद्यांवर, बुंधे पाण्यात, आणि त्यांच्या शेंड्यांवर पिवळ्या चोचीच्या करकोच्यांची शेकडो घरटी. खाली वाट बघत मगरी. प्राणी कमी दिसले, हिरवळीत हरवून जातात. पण ठिपक्यांचे रानकुत्रे दिसले, पंधरा-सोळांचा कळप ओल्या रस्त्यावर खेळत होता. आमचा वाटाड्या म्हणाला की पावसातच ते या भागात जास्त दिसतात.

थोडक्यात, पावसात जा, पण पावसातलं बघायला जा. कोरड्यातलं दाखवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नको.

मोगरा_नागपूर | १४ जून

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बिनसुळ्यांच्या माद्यांचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. तेंदूचं ऐकल्यावर मात्र म्हणाले, "पान तोडतात का तिकडे?"

म्हणजे दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरकडे थोडी ओढून घ्यावी, असं दिसतंय. बाबांना चालवत नाही, पायी सफारी जमणार नाही. आणि शाकाहाराचं काय?

लुसाकावासी | १४ जून

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडाच घ्या, मी डोळे मिटून सांगतो. एका बाजूने कोरड्याची शेवटची गर्दी नदीवर अजून टिकून असते, दुसऱ्या बाजूने फळं गळत असतात, आणि नशीब असेल तर पहिला पाऊसही भेटतो. त्या पावसानंतर चार दिवसांत जमीन हिरवी होते आणि इंपालांची पाडसं जन्माला यायला लागतात. उकाडा असेल, दुपारी बाहेर पडू नका.

पायी सफारी या खोऱ्यातच रुजली, १९५० च्या दशकात नॉर्मन कार यांनी ती सुरू केली. पण ती कोरड्या महिन्यांत, बंदूकधारी वनरक्षकासह, आणि बहुतेक ठिकाणी १२ वर्षांखालच्यांना नेत नाहीत. तेव्हा तुमच्यापैकी कोणाचंच काही हुकत नाही. बाबांना गाडीत मधल्या रांगेत बसवा, मागची जास्त उसळते.

शाकाहार आधी कळवा, अडचण येत नाही. थेपले, चटण्या आणाल तर बाबांना बरं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून न चुकता. निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात, खाकी-मातकट बरे. लुसाकाहून म्फुवेला छोटं विमान, सव्वा तासाच्या आत पोचवतं. बॅग मऊ घ्या, वजनाची मर्यादा कडक असते. चिपाटामार्गे रस्त्यानेही जाता येतं पण बाबांच्या गुडघ्याला तो दिवसभराचा प्रवास नको.

जिराफ दिसला की नीट बघा. हा थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ या खोऱ्याबाहेर कुठेच नाही.

सह्यपक्षी | १४ जून

आणि चातक दिसला तर कळवा!

मोगरा_नागपूर | २३ नोव्हेंबर

परत आलो. पाच रात्री राहिलो. सगळं लिहीत बसत नाही, दोन गोष्टी सांगते.

हत्ती पहिले दोन दिवस आले नाहीत. मुलगा हिरमुसला. बाबा शांत होते. ते चौकातल्या झाडाखाली रोज सकाळी परवानगी घेऊन उभे राहायचे, वर बघायचे, आणि म्हणायचे, "उद्या. वाऱ्याने पडतील." तिसऱ्या दिवशी दुपारी खरंच वारा सुटला, आभाळ भरलं, आणि फळं टपटप पडली. पाऊण तासात सहा हत्ती पायऱ्या चढून आत. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मी त्यांच्याकडेच बघत होते, खरं तर हत्ती मी निम्मेच पाहिले.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी खोलीकडे जायच्या वाटेवर ताजी लीद पडली होती. बाबांनी वाकून, काडीने ती फोडली. वाटाड्या पोरगा थांबून बघत होता. आत अख्ख्या कोया होत्या, चार. बाबांना इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. बाबांनी कोय दाखवली, मग वरचं झाड दाखवलं, मग हाताने 'लांब, लांब' असं केलं. पोरगा हसला आणि नदीकडे बोट दाखवून मान डोलावली. त्याने वाटेच्या कडेला, कुंडीच्या मागे, पायाने माती उकरली. बाबांनी चारही कोया लिदीसकट तिथे ठेवल्या आणि दोघांनी माती ओढली.

तेंदूची पानं तिकडे तोडत नाहीत. चौकशी केली.

चातक नाही दिसला हो, सह्यपक्षी. पाऊस फक्त शेवटच्या रात्री आला.

लुसाकावासी, तुम्ही आता कधी जाणार? बाबा विचारताहेत, कोया उगवल्या का ते बघाल का.

लुसाकावासी | २४ नोव्हेंबर

बाबांना सांगा, मार्चअखेर नक्की. कुंडी कुठली ते नीट कळवा, डावीकडची की उजवीकडची?

मोगरा_नागपूर | २४ नोव्हेंबर

बाबा सांगताहेत: तळ्याकडे तोंड केलं की उजवी. तिसरी. काठ थोडा फुटलेला आहे.